पूर्व भागातला तीन भाषांचा शनिवारवर्ग : दहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

सोलापूरच्या पूर्व भागातल्या साखर पेठेत एका जुन्या घराच्या तळमजल्यावर दर शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळेत मुलांचा एक वर्ग भरतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत या जागेत यंत्रमाग चालत होते आणि फरशीवर मागाच्या पायांच्या खुणा अजून दिसतात. वर्गाला पाटी नाही, नाव नाही आणि जाहिरातही नाही. ओळखीतून ओळखीत त्याची माहिती पोहोचते. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषा तिथे मुलांच्या कानावर आणि हळूहळू तोंडात येतात. माझी सात वर्षांची मुलगी गेल्या जूनपासून या वर्गाला जाते आहे. वर्ग कसा आहे, पैसे आणि वेळ सार्थकी लागतात का, मुलाचा अभ्यास मागे पडत नाही ना, असे प्रश्न मला आतापर्यंत बऱ्याच मैत्रिणींनी विचारले आणि प्रत्येकीला रस्त्यात उभे राहून अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे असे वाटले.

मी या वर्गापर्यंत कशी पोहोचले हे आधी सांगायला हवे, कारण माझ्यासारखी परिस्थिती सोलापुरात घरोघरी आहे. माझे माहेर मंगळवेढ्याचे आणि मराठी, तर सासर पद्मशाली समाजातले आणि घरात तेलुगू बोलणारे. १८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली, त्यामागोमाग इतर गिरण्या आणि माग आले आणि तेव्हाच्या निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून विणकरांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात येऊन वसत गेली. माझ्या सासऱ्यांचे आजोबा त्यांपैकीच एक. शंभर वर्षांनंतरही या घरांतून तेलुगू टिकली, ती आयांनी आणि आज्यांनी पोरांशी दुसऱ्या भाषेत बोलण्याचा विचारच केला नाही म्हणून. माझी मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत माझ्याशी मराठीत आणि सासूबाईंशी तेलुगूत बोलत असे, आणि कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते.

मग ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली. पहिल्याच पालकसभेत आम्हाला सांगण्यात आले की घरात शक्यतो इंग्रजीच बोला, अनेक भाषांनी मुलाचा गोंधळ होतो. आम्ही ते मुकाट्याने मानले. मी आणि माझे पती, दोघेही तोडक्यामोडक्या इंग्रजीत लेकराशी बोलू लागलो आणि सासूबाई आपल्यामुळे नातीचे नुकसान नको म्हणून तिच्यापुढे गप्प राहू लागल्या. वर्षभरानंतरचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सासूबाईंनी सवयीने तिला विचारले, "अन्नं तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का? मुलीने मान वर न करता "येस" म्हटले. तिला प्रश्न नीट समजला होता, पण उत्तर देण्याची भाषा तिने सोडून दिली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताट उचलले आणि त्या आत गेल्या.

शाळेने दिलेला तो सल्ला मुळातच चुकीचा होता, हे मला पुढे वाचनातून कळले. एकापेक्षा अधिक भाषांनी मुलाची बुद्धी मागे पडते, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकांमध्येही होता, पण ते निष्कर्ष बहुतेक वेळा गरीब स्थलांतरित मुलांची तुलना सुस्थितीतल्या एकभाषिक मुलांशी करून काढलेले होते. १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी कॅनडातल्या माँट्रियल शहरात सारख्या आर्थिक स्तरातली दहा वर्षांची मुले निवडून ही तुलना पुन्हा केली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणारी मुले मागे पडलेली दिसली नाहीत, उलट पुढेच होती. दोन भाषा शिकणाऱ्या मुलाला एकेका भाषेतले शब्द काही काळ कमी येतात हे खरे आहे. मात्र दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले तर तो एकभाषिक मुलाच्या बरोबरीने असतो. तो एका वाक्यात दोन भाषा मिसळतो, पण त्याला गोंधळ म्हणणे बरोबर नाही. हाताशी असलेला शब्द वापरून तो आपले म्हणणे पुरे करतो, आणि सोलापुरातली मोठी माणसेही दिवसभर तेच करतात. मूल खरोखरच उशिरा बोलत असेल तर त्याची श्रवणतपासणी करावी आणि वाचातज्ज्ञांना दाखवावे. घरातली एखादी भाषा बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता वर्गाविषयी. तो तीन बायका मिळून चालवतात. तेलुगू बोलणाऱ्या बाई महापालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि मुले त्यांना पेद्दम्मा म्हणतात. कन्नड बोलणाऱ्या बाई अक्कलकोट तालुक्यातल्या आहेत, त्यांना सगळे अज्जी म्हणतात. मराठीच्या बाई तिघींत तरुण आहेत आणि त्यांना मुले नुसते 'बाई' म्हणतात. वर्गाचा एकच कडक नियम आहे आणि तो मुलांसाठी नसून या तिघींसाठी आहे: प्रत्येकीने मुलांशी फक्त आपल्याच भाषेत बोलायचे, मग मूल कोणत्याही भाषेत उत्तर देवो. एक माणूस, एक भाषा ही पद्धत तशी जुनी आहे. झ्यूल रोंझा नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या जर्मन बोलणाऱ्या पत्नीने आपल्या मुलाला असेच वाढवले आणि १९१३ साली त्याने त्या मुलाच्या भाषेची टिपणे प्रसिद्ध केली. साखर पेठेतल्या या बायकांनी रोंझाचे नावही ऐकलेले नाही. आपल्या आयांना जे करताना त्यांनी पाहिले तेच त्या करतात, फक्त ठरवून आणि नेमाने करतात.

पहिले दोन महिने माझी मुलगी पेद्दम्मांना सगळी उत्तरे मराठीत देत होती. मला धीर नव्हता आणि मी तसे बोलूनही दाखवले. पेद्दम्मांनी मला खुर्चीवर बसवले आणि म्हणाल्या, "तिच्या कानात भरू द्या की आधी. तोंडाला घाई करू नका." तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी पाण्याचा तांब्या रिकामा झालेला पाहून ती आपसूक "नीळ्ळु लेवु" म्हणाली, म्हणजे पाणी नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की शाबासकी दिली नाही. पेद्दम्मांनी उठून तांब्या भरून आणला, आणि मला वाटते हीच या वर्गाची सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे: भाषेतून काहीतरी मागावे आणि ते मिळावे, यापलीकडे मुलाला दुसरे बक्षीस तिथे दिले जात नाही.

मला सर्वांत आवडलेला शनिवार शेंगाच्या चटणीचा होता, आणि वर्ग कसा चालतो हे कळण्यासाठी तो जरा सविस्तर सांगते. मध्यभागी मोठा खलबत्ता ठेवलेला होता आणि भोवती गोल करून बावीस मुले बसली होती. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे, लाल तिखट आणि मीठ वेगवेगळ्या वाट्यांतून ठेवलेले होते. प्रत्येक वाटी मुलांच्या हातातून फिरत असे आणि तिघी जणी आपापल्या भाषेत त्या जिनसाचे नाव घेऊन ती पुढच्याकडे देण्यास सांगत. मीठ आले तेव्हा पेद्दम्मा म्हणाल्या "उप्पु" आणि अज्जीही म्हणाल्या "उप्पु", आणि मुलांना ते भलतेच गमतीचे वाटले, दोन वेगळ्या भाषांनी आपसात ठरवून एकच शब्द ठेवला आहे असे. जिऱ्याला एकीने जीलकर्र म्हटले, दुसरीने जीरिगे. मग लसूण आली. पेद्दम्मांची वेल्लुल्लि आणि अज्जींची बेळ्ळुळ्ळि. आठ वर्षांचा एक मुलगा, जो एरवी वर्गात फारसे बोलत नाही, तो एकदम म्हणाला, "तुमचा व आमचा ब आहे की ओ."

पेद्दम्मांनी चटणी कुटणे थांबवले नाही, पण पुढच्या शनिवारी त्यांनी आणि अज्जींनी चित्रांचे पत्ते आणले. दूध दाखवले, एक म्हणाली पालु, दुसरी म्हणाली हालु. फूल दाखवले, पुव्वु आणि हूवु. साप दाखवला, पामु आणि हावु. वाघाचे चित्र वर आले तेव्हा अज्जी तोंड उघडण्याआधीच, तेलुगूतली पुलि तेवढी माहीत असलेली मुले "हुलि! हुलि!" ओरडत होती. न शिकवलेला शब्द त्यांनी स्वतः तयार केला होता आणि तो बरोबर होता. जुन्या कन्नडमध्येही या शब्दांच्या आरंभी प होता आणि मध्ययुगात त्याचा ह झाला, हे भाषाशास्त्रातले सुप्रसिद्ध उदाहरण आहे. कोणत्याही व्याख्यानाशिवाय, सात-आठ वर्षांच्या मुलांनी ते साखर पेठेत फरशीवर बसून शोधून काढले. दोन भाषा शेजारी ठेवल्या की मूल भाषेकडे एखाद्या वस्तूसारखे पाहू लागते, तिची घडण कशी आहे याचा विचार करू लागते, आणि बहुभाषिक मुलांचा हा गुण अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवलेला आहे. मी तो त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला.

मराठीच्या बाईंचे काम वरवर सोपे वाटते, कारण बहुतेक मुलांना मराठी येतेच. पण मराठीतल्या गोष्टी मराठीतच राहून दिसत नाहीत, त्या शेजारच्या भाषेतून दिसतात, हे त्यांनी माझ्या ध्यानात आणून दिले. एकदा खेळात दोन गट पाडले होते आणि एक मुलगी दुसऱ्या गटाला म्हणाली, "आपण जिंकलो." बाईंनी तिला थांबवून विचारले की जिंकले कोण, तुम्ही की सगळे? मग 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक निघाला. पेद्दम्मांनी लगेच तेलुगूतले मेमु आणि मनम् सांगितले: समोरच्याला वगळून ते मेमु आणि त्याला धरून ते मनम्, अगदी मराठीसारखेच. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही 'हम' एकच. मराठीला हा भेद तेलुगू-कन्नडसारख्या द्राविडी भाषांच्या सहवासातून मिळाला असे अभ्यासक मानतात. तूप, अक्का, अण्णा हे शब्दही आपण त्याच शेजारातून घेतले आहेत, आणि तरी आपल्यातले काही जण तेलुगू-कन्नडला परकी म्हणतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

आकड्यांच्या तासाने मला असाच धक्का दिला. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी आणि पन्नास नंतर येते, शिवाय दोन्हींची रूपे इतकी बदललेली असतात की मुलाला प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. तेलुगूत पन्नास तीन या क्रमाने याभै मूडु, कन्नडमध्ये तसेच ऐवत्तमूरु. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली तेव्हा केवढा वाद झाला होता ते अनेकांना आठवत असेल. माझी मुलगी त्रेपन्न आणि पस्तीस यांत नेहमी अडखळत असे. तेलुगू आकडे आल्यावर ती मनात तेलुगूत आकडा फोडते, लिहिते आणि मग मराठीत म्हणते. हा उपाय तिला कोणी सुचवलेला नाही. तिच्या हातात आता दोन हत्यारे आहेत आणि कोणते केव्हा उचलायचे हे ती ठरवते.

या तीन भाषा एकमेकींना इतक्या सोयीच्या का आहेत, यालाही कारण आहे. 'जेवून जा' हे वाक्य घ्या. तेलुगूत तिनि वेळ्ळु, कन्नडमध्ये ऊट माडि होगु, तिन्हींत आधी जेवण्याचे धातुसाधित आणि मग जाण्याची आज्ञा. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक शतकानुशतके शेजारी राहिल्यामुळे त्यांच्या वाक्यांची ठेवण इतकी एकसारखी झाली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे, असा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जगभर शिकवला जातो. सोलापूर कुपवाडपेक्षा वेगळे नाही. इथल्या मुलाला दुसरी भाषा शिकताना विचाराची वाट बदलावी लागत नाही, त्याच वाटेवर दुसऱ्या शब्दांनी चालावे लागते.

सामानाबद्दल थोडे. तिघी जणी मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून गोष्टी उतरवून छापून घेतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भारतीय भाषांत मिळते, ती विनामूल्य छापता येते आणि वाचनपातळीप्रमाणे निवडता येते. तीच चित्रे आणि तीच गोष्ट तीन भाषांत समोर आली की मुलाला अर्थ विचारावा लागत नाही. घरी कोणाला एवढेच करायचे असेल तर छपाईच्या खर्चात ते होऊ शकेल.

वर्गातल्या उणिवाही सांगते, कारण त्या आहेत आणि त्यांतली एक मोठी आहे. सप्टेंबरपासून मोठ्या मुलांना तेलुगू आणि कन्नड या दोन्ही लिप्या एकाच वेळी शिकवायला सुरुवात झाली. या लिप्या एकाच जुन्या लिपीतून निघालेल्या बहिणी आहेत, आणि त्यामुळेच शिकणाऱ्याची फसगत होते. अक्षराच्या डोक्यावरचा तलकट्टु तेलुगूत बरोबरच्या खुणेसारखा वर उडालेला असतो आणि कन्नडमध्ये आडवा, एवढ्या फरकावर सहा-सात वर्षांच्या मुलाने अक्षर ओळखायचे. माझ्या मुलीची वही दोन महिने अशा अक्षरांनी भरली होती की ती कोणत्याच लिपीतली नव्हती, आणि शनिवारी पोट दुखते म्हणायला तिने तेव्हाच सुरुवात केली. मी आणि आणखी दोघींनी जाऊन सांगितल्यावर तिघींनी शांतपणे ऐकून घेतले आणि लिहिणे एकाच लिपीपुरते, तेही घरात जी भाषा आहे तिच्यापुरते ठेवले. पोटदुखी थांबली. तरी माझे मत असे की बोलणे पक्के होईपर्यंत लिपीला हात लावू नये. शाळेत देवनागरी आणि रोमन या दोन लिप्यांचे ओझे मुलावर आधीच असते.

दुसरी तक्रार वयाची आहे. तीन वर्षांपासून नऊ वर्षांपर्यंतची मुले एकाच गोलात बसतात आणि त्यात लहानग्यांची बाजू मोठी मुलेच बोलून टाकतात. माझ्या जावेचा साडेतीन वर्षांचा मुलगा चार शनिवार नुसता मांडीवर बसून आला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा अर्धा तास ठेवला तर बरे होईल. जागाही अपुरी आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चारला आत बसणे मुलांना कठीण जाते, आणि दोन पंख्यांनी सोलापूरचे ऊन हटत नाही. शिवाय या शहरात उर्दू आणि दख्खनी बोलणारी इतकी घरे असताना ती भाषा या गोलात नाही ही मला उणीव वाटते. तशी एखादी आजी मिळाली तर तिला घेण्याची तयारी आहे असे मला सांगण्यात आले, आणि वाचकांपैकी कोणाच्या ओळखीत कोणी असेल तर जरूर कळवावे.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेमुळे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे, दोन शनिवार मुले कमी आली तेव्हा उरलेल्यांना भ्रमणध्वनीवर तेलुगू कार्टून दाखवले गेले, आणि ते मला पटले नाही. कारण सांगते. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी काही दिवस प्रत्यक्ष माणसे चिनी भाषेत बोलली आणि खेळली, तेव्हा त्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तेच बोलणे पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून ऐकवले, तेव्हा काहीच फरक पडला नाही. आमची मुले नऊ महिन्यांची नाहीत हे मला समजते. पण याच वर्गात मी दहा महिने पाहिले आहे की मूल भाषा घेते ते माणसाकडून, आणि तेही त्याला ज्याच्याशी बोलावेसे वाटते अशा माणसाकडून. घरी भाषांचे महागडे ॲप आणलेल्या एका पालकांनी मला सांगितले की मुलाला रंगांची आणि फळांची नावे आली, पण आजी समोर आली की तो गप्प. आता कार्टून बंद झाले आहे. मुले कमी आली तर अज्जी सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्याच, गोष्टी सांगतात. ज्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत सबंध सोलापूर 'हर्र बोला हर्र' म्हणते, त्या बाराव्या शतकातल्या संतांनी आपली वचने कन्नडमध्ये रचली, हे मुलांच्याच नव्हे तर माझ्याही लक्षात आधी आलेले नव्हते.

वर्गाने काय मिळते आणि काय मिळत नाही, याबद्दल पालकांच्या अपेक्षा वाजवी असाव्यात असे मला कळकळीने सांगायचे आहे. अधिक भाषांमुळे मुलाचे लक्ष जास्त एकाग्र होते, मेंदू तल्लख होतो, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. टोरांटोच्या एलेन ब्यालिस्टॉक यांच्या संशोधनाने या विचाराला बळ दिले होते हे खरे, पण नंतरच्या अनेक मोठ्या अभ्यासांत तो फायदा दिसला नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्या जवळचा एक अभ्यास मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले की एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही होता. तेलुगू, दख्खनी, हिंदी सहज बोलणारी ती माणसे आमच्या पूर्व भागातल्या माणसांसारखीच. अर्थात तो लाभ जन्मभर भाषा वापरणाऱ्यांचा आहे; दहा महिन्यांच्या वर्गाचा नव्हे. या तिघींनी कोणालाही हुशारीचे आश्वासन दिलेले मी ऐकले नाही आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आठवड्यातले दोन तास पुरत नाहीत, हे मात्र प्रत्येक पालकाने समजून घ्यावे. वर्गाने आमच्या घरात जे बदलले ते शनिवारी बदलले नाही, इतर सहा दिवसांत बदलले. आम्ही इंग्रजीचा तो आग्रह सोडला. मी मराठीत बोलते, पती आणि सासूबाई तेलुगूत, आणि इंग्रजी शाळेत राहते. या वर्षी तिच्या इंग्रजीत काहीही घट झालेली नाही, आणि आता तिच्या शाळेतल्या बाईच मला विचारतात की ती इतके प्रश्न कोणाकडून शिकली. ज्या घरात तेलुगू किंवा कन्नड कोणीच बोलत नाही, त्या मुलालाही वर्गात मजा येते आणि ऐकून समजू लागते, पण बोलणे फार सावकाश येते. अशा घराने निदान वर्षभराचा धीर धरावा. उशीर झाला म्हणून कोणी मागे हटू नये. याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथे सैनिकांवर उपचार करताना चिनी भाषा शिकले, तेव्हा ते तिशीला आले होते.

महिन्याचे शुल्क तीनशे रुपये आहे आणि दुसऱ्या भावंडाला निम्मे. बीडीकाम किंवा मागावर काम करणाऱ्या घरांकडून शुल्क मागितले जात नाही, हे मला दुसऱ्याच एका पालकांकडून कळले. आसनपट्टी आणि पाण्याची बाटली घरून न्यावी लागते. गेल्या महिन्यापासून सासूबाईही मुलीबरोबर वर्गाला जातात, पेद्दम्मांच्या शेजारी बसतात आणि गोष्ट सांगायची पाळी आली की वारंगळकडच्या त्यांच्या आजोळच्या विहिरीची गोष्ट सांगतात. मागच्या शनिवारी ती ऐकताना माझी मुलगी मध्येच उठली आणि ज्यांना तेलुगू येत नव्हते त्या चार मुलांना तीच गोष्ट वाक्यावाक्याने मराठीत सांगू लागली. नवी मुले जूनच्या पहिल्या शनिवारपासून घेतात. घरात आजी किंवा आजोबा असतील तर त्यांना सोबत न्यावे. त्यांच्याकडून शुल्क घेत नाहीत आणि त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली असते.